बियाण्याच्या ट्रकवरचा ड्रमवाला

संपादकांनी फोनवर सांगितलं, ऑर्केस्ट्राच्या दिवसांच्या गमती लिहा, लोकांना आवडतात. मी हो म्हणालो. तीस वर्षं ड्रम वाजवला, पण त्याबद्दल मला कोणी काही विचारलं नव्हतं. गमती आहेत. दोन-तीन सांगतो आणि मग जे सांगायचं आहे ते सांगतो. दिवाळीच्या अंकात ते कितपत शोभेल, हे संपादकांनी ठरवावं.

ज्यांनी ड्रमसेट जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: लहानमोठे चार-पाच ढोल, स्टँडवर लावलेल्या तीन-चार पितळी थाळ्या आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर एक माणूस. उजवा पाय सगळ्यात मोठ्या ढोलावर, डावा पाय एकमेकींवर आपटणाऱ्या दोन थाळ्यांवर, हातांत दोन काठ्या. दोन हात आणि दोन पाय चार वेगळी कामं करत असतात. त्यातलं एक जरी चुकलं तरी गाणाऱ्याचा पाय घसरल्यासारखा होतो. ड्रमवाल्याकडे कोणी बघत नाही. तो मागे असतो आणि त्याच्यापुढे झांजांचं झाड असतं.

माझी कामं दोन प्रकारची. एक दौऱ्याचं. ऑर्केस्ट्राबरोबर गावोगाव जायचं, यात्रा, लग्नं, गॅदरिंग, उद्घाटनं. दुसरं स्टुडिओचं. दुसऱ्याच्या गाण्यासाठी ठोका वाजवून द्यायचा, तो टेपवर घेतला की उठून घरी जायचं. पुढे त्या गाण्याचं काय होतं ते आपल्याला कळत नाही. कॅसेटच्या कागदावर गायकाचं नाव असतं, कवीचं असतं, कधी कधी निर्मात्याच्या बायकोचंही असतं. ड्रमवाल्याचं नसतं.

आम्ही अकोल्याचे. अब्बा टिनच्या पेट्या बनवायचे. लग्नात मुलीला द्यायची ती निळी पेटी, तिच्यावर लाल गुलाब. त्यांच्या दुकानात पत्र्यावर हातोडी ऐकत मी वाढलो, त्यामुळे ड्रम शिकायला मला कोणाकडे जावं लागलं नाही. अब्बांना मात्र ते पटलं नाही. ते म्हणायचे, "मैं भी दिनभर ठोकता हूँ, शाम को एक पेटी तो बनती है. तेरा क्या बनता है?" 

सुरुवातीला मी ड्रम एसटीच्या टपावर टाकून न्यायचो. मोठा ढोल टपावर टाकायला मला भीती वाटायची, म्हणून तो आत सीटवर ठेवायचो. एकदा तिवस्याला जाताना कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट काढा, भाऊ. हे माणसाएवढं हाय अन् बसलं बी माणसासारखं हाय." मी काढलं. पुढच्या स्टॉपला गर्दी झाली तेव्हा एका बाईने ढोलाला विचारलं, "सरकता का जरा?" सगळी गाडी हसली. मीही हसलो.

कौंडण्यपूरच्या यात्रेत एका म्हातारीने कार्यक्रमाआधी स्टेजवर येऊन मोठ्या ढोलाला हळदीकुंकू लावलं आणि मला विचारलं, "हे कोणत्या देवाचं वाद्य हाय, बाबू?" मी म्हणालो, "सगळ्यांचंच हाय, माय." तिने मलाही कुंकू लावलं. माझं नाव युनूस आहे हे तिला सांगायची गरज मला वाटली नाही. ते कुंकू मी पुसलंही नाही.

स्टुडिओतला किस्सा एका भजनी बुवांचा. अमरावतीत एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत तो स्टुडिओ होता, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. स्टुडिओत वाजवताना कानात घड्याळासारखी टिकटिक सोडतात, तिला क्लिक म्हणतात. त्या टिकटिकीवर सगळ्यांनी चालायचं असतं. बुवांना भाव आला की ते डोळे मिटून मागे राहायचे. चौथ्यांदा थांबवल्यावर बुवांनी कानातलं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "या घड्याळाले सांगा, देवाच्या दारात घाई नसते." शेवटी माझा ठोका आधी वाजवून घेतला आणि बुवांना त्यावर मोकळं सोडलं. रेकॉर्डिंग करणारा मला म्हणाला, "युनूसभाई, तुम्ही मशीनसारखं वाजवता." ही मोठी तारीफ होती. मी घरी जाऊन बायकोला सांगितली.

गमती संपल्या.

प्रमोद मला अमरावतीच्या कॉलेजात भेटला. तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडचा, घरी काळी जमीन, आणि हातात एक स्वस्तातली गिटार, जिची मान त्याने स्वतः पत्रा लावून जोडलेली होती. त्याला वऱ्हाडीत रॉक गायचं होतं. हे ऐकून लोक हसायचे, आधी मीही हसलो. मग त्याने कॅन्टीनच्या मागे बसून एक गाणं ऐकवलं. वखराच्या बैलावर होतं. बैल म्हणतो, मी सरळ चाललो म्हणून तुझं वावर सरळ, आता मला बाजारात काहून नेऊन राहिला? मी बाकावर ठोका धरला. त्या दिवशी आम्ही दोघांनी तासाला बुट्टी मारली आणि पुढची सहा-सात वर्षं एकमेकांना सोडलं नाही.

आमची गाणी गॅदरिंगला गाजायची. त्यापलीकडे त्यांना कोणी बोलावत नव्हतं. यात्रेत लोकांना सिनेमाची गाणी हवी असायची, तीही आम्ही वाजवली. प्रमोद म्हणायचा, "आपलं बी ऐकतीन, बे. थोडं थांब."

मग ती कंपनी आली. तिचं नाव लिहीत नाही. आता ती नाहीच, आणि होती तेव्हाही तिच्या नावाची पाटी दर वर्षी बदलायची. कंपनीला कपाशीच्या बियाण्याची जाहिरात करायची होती. त्यांच्या मॅनेजरने आम्हाला कुठल्याशा गॅदरिंगमध्ये ऐकलं होतं. तो म्हणाला, "तुमच्या भाषेत, तुमच्याच पद्धतीने, जोरदार पाहिजे. सिनेमाचं नको." आमच्या पद्धतीने पाहिजे, असं म्हणणारा आम्हाला भेटलेला तो पहिला माणूस.

प्रमोदने एका बैठकीत गाणं लिहिलं.

औंदा हेच लाव दादा, मंग पाह्य वावर,
बोंडं वेचता वेचता दमंल सारं घर.

गाद्यांच्या खोलीत आम्ही ते रेकॉर्ड केलं. माझा ठोका त्यात इतका चांगला बसला की तेव्हा मीच पुन्हा पुन्हा ऐकायचो. आजही सांगतो, मी आयुष्यात वाजवलेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. मला ते कुठेच ऐकवता येत नाही.

गाणं जीपवर लागलं, कृषी केंद्रांच्या दारात लागलं, पोरं शाळेत बाकांवर वाजवू लागली. पेरणीच्या आधी कंपनीने एका ट्रकचं स्टेज केलं. बाजूचे फाळके पाडायचे, वर ड्रम, गिटार, दोन मोठे स्पीकर. ज्या गावचा बाजार त्या गावी दुपारी ट्रक. अमरावती जिल्ह्यातून सुरू करून आम्ही अकोल्यात उतरलो. हजार-दीड हजार माणसं उन्हात उभी राहून ड्रम ऐकत होती. माणसं ट्रकला खेटून माझ्या पायाकडे बघत होती, हा पायाने काय करून राहिला म्हणून. मला याआधी असं कोणी पाहिलं नव्हतं.

हिवरखेडला प्रमोदचे मोठे भाऊ नामदेवदादा सगळ्यात पुढे उभे होते. वडील लवकर गेल्यामुळे प्रमोदला, त्यांच्या पम्याला, त्यांनीच शिकवलं होतं. स्वतः सातवीत शाळा सोडलेली. गाणं झाल्यावर प्रमोदने त्यांना विचारलं, "कसं वाटलं, दादा?"

ते म्हणाले, "गाण्यात दादा म्हनून राहिला, तो मीच का?"

प्रमोद लाजला. म्हणाला, "दुसरा कोन हाय मले?"

नामदेवदादांनी सगळ्या वावरात तेच बियाणं लावलं. एरवी ते दोन-तीन जातींचं लावत, एक गेलं तर एक राहावं म्हणून. त्या वर्षी त्यांनी तसं केलं नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "लहान भाऊ गाऊन राहिला, त्याले काय मी खोटं पाडू?" ते ऐकून त्यांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धुरा असलेल्या लोकांनीही तेच लावलं.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अशी आली की लोक बघायला येत. माणसाच्या डोक्याच्या वर, हिरवीगार. मी पोळ्याला गेलो होतो तेव्हा दादा मला वावरात घेऊन गेले आणि झाडाशेजारी उभं राहून दाखवलं. मग कळ्यांची पाती धरली आणि गळाली. पुन्हा धरली, पुन्हा गळाली. झाडं वाढतच राहिली. दसरा गेला, दिवाळी गेली, बोंडं नाहीत. एका झाडाला चार, एकाला दोन, कित्येकांना एकही नाही. बियाणं भेसळीचं होतं हे सगळ्यांना कळलं होतं. पाहणी करायला साहेब लोक आले, झाडाची उंची मोजली, आणि यंदा वातावरण अनुकूल नव्हतं असं लिहून गेले.

तीच ती वर्षं, जेव्हा आमच्या भागाचं नाव पेपरात रोज एकाच कारणासाठी येऊ लागलं होतं. त्याबद्दल खूप जणांनी लिहिलं आहे. मी माझ्यापुरतं लिहितो.

प्रमोदने गिटार गुंडाळून ठेवली आणि गावी गेला. मी आपला लग्नांत वाजवत राहिलो. उन्हाळ्यात मॅनेजरचा मला निरोप आला. बियाण्याचं नाव नवीन, पाकिटाचा रंग नवीन, गाणं तेच. चाल लोकांना पाठ आहे, ती कशाला बदलायची? फक्त जिथे जुनं नाव होतं तिथे नवीन घातलं आणि नागपूरच्या एका गायकाकडून गाऊन घेतलं. माझा ठोका होता तसाच ठेवला. "तुम्ही दौऱ्याला चला," मॅनेजर म्हणाला.

मी हिवरखेडला जाऊन प्रमोदला विचारलं. तो गोठ्यात होता. हातातलं काम न थांबवता त्याने ऐकून घेतलं.

"तू नको जाऊ," तो म्हणाला.

"मी नाई गेलो तर ते दुसऱ्याले नेतीन."

"नेऊ दे. तू नको जाऊ. मी तुले कधी काही मांगतलं नाई, युनूस. हे मांगून राहिलो."

"पाहतो," मी म्हणालो.

आणि गेलो.

पैशासाठी गेलो असं लिहिलं तर वाचणारे माफ करतील, पोटासाठी माणसाला काय काय करावं लागतं म्हणतील. घर तर लग्नांवर चालत होतं. मला त्या ट्रकवर बसायचं होतं. हजार माणसं उन्हात उभी राहून माझ्या पायाकडे बघतात, ते मला पुन्हा हवं होतं. मी स्वतःला सांगितलं, बियाण्याचं मला काय समजतं, मी तर फक्त वाजवतो. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी ते मला खरंच वाटायला लागलं. नवीन बियाणं चांगलं होतं की वाईट, हे मी मॅनेजरला एकदाही विचारलं नाही.

या वेळी ट्रकवर गायकसुद्धा नव्हता. एक देखणा मुलगा माइक धरून ओठ हलवायचा, गाणं टेपवरून लागायचं. मी मात्र खरंच वाजवत होतो, टेपच्या ठोक्यावर ठोका. लोकांना गेल्या वर्षीइतकीच मजा वाटत होती, निदान मला तसं दिसत होतं. हिवरखेडचा बाजार आठव्या दिवशी होता. तिथे काय होईल याची मला धास्ती होती. कोणी शिव्या देईल, कोणी दगड मारेल. मी तयारी केली होती.

कोणी काही केलं नाही. लोक ओळखीचं हसले. एकाने हात वर केला. गाणं सुरू झालं आणि मला नामदेवदादा दिसले, याही वेळी पुढेच. त्यांच्याशेजारी प्रमोद. प्रमोद माझ्याकडे बघत नव्हता, स्पीकरकडे बघत होता. दादा माझ्याकडे बघत होते. रागाने बघत असते तर बरं झालं असतं. दोन कडव्यांच्या मधे ते ट्रकजवळ आले आणि फाळक्यावर हात ठेवून अगदी साधेपणाने, सल्ला विचारावा तसं विचारलं, "युनूस, हे तरी खरं हाय का?"

मी काठ्या खाली ठेवल्या.

ठरवून ठेवल्या असं म्हणता येणार नाही. हात चालेनात. मी स्टुलावर बसून राहिलो, पाय काढून घेतले. आणि ड्रम वाजतच राहिला. टेपवर होता ना. माझाच ठोका, माझ्याच हातचा, दोन मोठ्या स्पीकरांतून, तितकाच जोरात. तो माइकवाला मुलगा नाचत राहिला. गर्दीतला एकही माणूस हलला नाही. कोणाच्याही चेहऱ्यावर काही आलं नाही. मी थांबलो हे त्या गर्दीत ज्यांना कळलं ते दोघेच, दादा आणि प्रमोद.

मॅनेजर मागून आला, वाकून कानाशी म्हणाला, "तब्येत बरी नाही का? हरकत नाही. नुसते हात हलवत राहा."

मी खाली उतरलो. त्याने वाद घातला नाही. ट्रकचा क्लीनर, पन्नाशीचा माणूस, माझ्या स्टुलावर जाऊन बसला आणि हसत हसत काठ्या हवेत फिरवू लागला. पुढच्या गावांना तोच बसला. ड्रमसेट महिनाभराने अकोल्याला परत आला. कंपनीकडे कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मी प्रमोदच्या मागे त्याच्या घरापर्यंत गेलो. नामदेवदादांनी पाणी आणून दिलं आणि आत गेले. प्रमोद ओट्यावर बसला.

"थांबलो मी," मी म्हणालो. "पाह्यलं न तू?"

"पाह्यलं."

"मंग?"

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "तू थांबला हे मले समजलं. तू आला होता हे बी समजलं. आता जाय."

मी गेलो.

त्यानंतरही मी वाजवलं, बरीच वर्षं. लग्नं, भजनं, निवडणुकीची गाणी. मग एका माणसाने बोटांनी वाजवायची इलेक्ट्रॉनिक पाटी आली, त्यानंतर कॉम्प्युटर आला, आणि ड्रमवाल्याला स्टुडिओत बोलवायचं कारण उरलं नाही. आता एका शाळेत मुलांना संचलनाचा ठोका शिकवतो. डावा, उजवा, डावा. बरं चाललं आहे. कोणी विचारलं तर ऑर्केस्ट्राच्या गमती सांगतो. ट्रकचं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. अब्बांनासुद्धा नाही.

गेल्या वर्षी नामदेवदादा मला अकोल्यात भेटले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, हिरवी पट्टी लावून दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसले होते. मीच ओळख दिली. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. इकडचं तिकडचं बोलणं झालं. प्रमोद गावातच आहे, शेती करतो, गिटार पुन्हा कधी काढली नाही. मग न राहवून मी विचारलं, "दादा, त्या सालच्या बाजारात मले कोणी एक शब्द बोललं नाई. मी तर दगडाची वाट पाहून राहिलो होतो. असं काहून?"

त्यांना आश्चर्य वाटलं. "तुले माईत नाई?"

"नाई."

"पऱ्हाटी बुडाली त्या हिवाळ्यात पम्या घरोघरी गेला. ज्यानं ज्यानं आमचं पाहून लावलं होतं, त्या समद्याईच्या घरी. पाय धरले लोकाईचे. कोनी बोललं, कोनी दार लावून घेतलं. अन् लोक म्हनत, तो पेटीवाल्याचा पोरगा बी होता संग, तो कुठं लपला? तं पम्या म्हने, त्याचं नाव घेऊ नका. गानं म्या लिहिलं, म्याच त्याले ओढून आनलं, त्याले काई माईत नव्हतं. पाच-सहा खेपा सांगतलं त्यानं असं. तवा लोक चूप झाले."

 त्याच्यानंतर सहा महिन्यांत मी त्याच लोकांसमोर ट्रकवर बसलो होतो, आणि ते माझ्याकडे बघून हसले होते.

थोड्या वेळाने मी त्यांच्याकडे प्रमोदचा नंबर मागितला.

दादांनी खिशातून मोबाइल काढला, हातात धरून ठेवला, आणि परत खिशात टाकला. म्हणाले, "अकोल्याले चाललो म्हनून निघालो तं तो म्हने, युनूस भेटलाच तर नंबर देजो नको. फक्त तब्येत कशी हाय तेवढं इचारून येजो."

"बरी हाय म्हणून सांगा," मी म्हणालो.